स्क्रूची खाच गेली, पॅनेलचा कान तुटला: बाईकच्या कामातली दोन कायमची दुखणी

तेलकट_बाही (धागाकर्ता)

पावसाळा संपला की बाईक उघडायची वेळ येते आणि तेच दोन प्रश्न पुन्हा येतात. स्क्रूची खाच गुळगुळीत झाली, आता काढू कसा? पॅनेलचा कान (स्क्रू लावायची बाहेर आलेली पट्टी) तुटला, चिकटवू कशाने? उत्तरं पाच-सहा धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून इथे एकत्र करू. दोन्ही विषय मुद्दाम एकाच धाग्यात घेतलेत, कारण एक स्क्रू अडकला की माणूस पॅनेल ओढतो आणि पॅनेल तिथेच तडकतं.

सुरुवात स्क्रूड्रायव्हरपासून. गॅरेजमध्ये फुलीच्या स्क्रूड्रायव्हरला सरसकट 'स्टार' म्हणतात, पण फुलीचे दोन वंश आहेत. साधा फिलिप्स आणि जपानी मानकाचा जेआयएस. आपल्या रस्त्यावरच्या बऱ्याच बाईक जपानी आराखड्यातून आल्या, त्यामुळे त्यांच्या कार्ब्युरेटरवर, स्विचच्या डब्यावर, मास्टर सिलिंडरच्या (हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या) झाकणावर जेआयएस खाच सर्रास आढळते. फिलिप्सचं टोक त्या खाचेत तळाला आधी टेकतं आणि बाजूच्या भिंतींना पूर्ण भिडत नाही. जोर दिला की टोक वर चढून बाहेर येतं आणि येताना भिंतीची कड खरवडून नेतं. असं दोन-तीनदा झालं की फुलीचा वाडगा होतो.

बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर फुलीच्या बाजूला एक बारीक खोलगट ठिपका असतो. ठिपका नसला म्हणजे जेआयएस नाही, असं मात्र नाही. जेआयएस बिट मिळत नसेल तर चांगल्या फिलिप्सचं टोक कानशीने अर्धा मिलिमीटर सपाट करा, बरंच काम भागतं.

माप त्याहून महत्त्वाचं. एम ३ ते एम ५ स्क्रूला (एम पुढचा आकडा म्हणजे आट्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये) २ नंबरचा बिट, एम ६ ला ३ नंबरचा. आरएक्स १०० सारख्या जुन्या गाड्यांच्या इंजिन कव्हरवर फुलीचे एम ६ असतात आणि ३ नंबर हाताशी नसतो म्हणून लोक २ नंबर घालतात. तो आत डगडगतो. बिट खाचेत ठेवून बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. खेळ जाणवला तर त्या बिटने जोर लावायचाच नाही.

आणि एक नियम. बिट पहिल्यांदा घसरला की थांबा. त्या क्षणी खाच नव्वद टक्के शाबूत असते. पुढचे सगळे उपाय त्याच शिल्लक खाचेवर चालतात.

---

दहाचा_पाना

उत्तम धागा. अडकलेल्या स्क्रूसाठी मी ज्या क्रमाने जायला सांगतो तो देतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलचा (खालच्या पेट्रोलच्या वाटीचा) एम ४ स्क्रू उदाहरणाला घेऊ. सगळ्यात जास्त तोच बिघडतो, आणि त्याच्याखालचा धातू मऊ असतो.

कार्ब्युरेटर गाडीवर असताना या स्क्रूला हात लावू नका. स्क्रूड्रायव्हर तिरपा बसतो आणि मागून आधार नसतो. कार्ब काढा, पेट्रोल पूर्ण रिकामं करा, वाळू द्या, लाकडी फळीवर उलटा ठेवा. आता खाचेतली माती टाचणीने कोरून काढा. तेल आणि धूळ मिळून खाचेच्या तळाशी घट्ट लगदा झालेला असतो, त्यामुळे बिट अर्धा मिलिमीटर वरच राहतो. बरेच स्क्रू एवढ्यावरच सुटतात.

नाही सुटला तर बिट खाचेत उभा धरून वरून हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके. आट्यांत जमलेला पांढरा थर तडकतो आणि खाचेची चढलेली कड परत खाली बसते. मग फिरवताना बहुतेक जोर खाली दाबण्यात घाला, फिरवण्यात कमी. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग सोडायच्या.

खाच थोडी गेली असेल तर बिटाच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा. तिच्यातले कण पकड वाढवतात. काम झाल्यावर पेस्ट पूर्ण धुवायची, एक कणही जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाता कामा नये. खाचेवर रबर बँड ठेवायचा उपाय फिरतो, तो सैल स्क्रूला चालतो. गंजून बसलेल्या स्क्रूला रबर फाटतं, बस.

यानंतर उष्णता. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. १०० अंशांनी तापमान वाढलं तरी एम ६ च्या भोकात फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून कमीच पडतो, पण तेवढ्याने गंजाची पकड सुटते. रिकाम्या, रबर आणि प्लास्टिकचे भाग काढलेल्या कार्बवर उकळतं पाणी ओतणं सगळ्यात सुरक्षित. आग नाही, तापमान १०० च्या वर जात नाही. इंजिन कव्हरला हीट गन चालते, स्क्रूभोवतीच्या धातूवर फिरवत ठेवायची, एका जागी रोखायची नाही.

गंज सोडवायचा स्प्रे मारणार असाल तर तो आदल्या रात्री मारा. मारून पाच मिनिटांत जोर लावला तर त्याचा उपयोग शून्य.

---

नागमोडी_घाट

इम्पॅक्ट ड्रायव्हरबद्दल सांगाल का? हातोडी मारायचा, बॅटरीवाला नव्हे.

---

दहाचा_पाना

@नागमोडी_घाट, इंजिन कव्हरच्या एम ६ फुलीसाठी त्याच्याइतकं चांगलं दुसरं हत्यार नाही. दिशा 'सोडा' वर करा. ३ नंबरचा बिट खाचेत पूर्ण बसवा. ड्रायव्हरचं अंग हाताने डावीकडे फिरवून आतली ढील संपवा आणि तसंच ताणून धरा. मग अर्धा ते एक किलोच्या हातोडीचा एकच भारी घाव. टुकटुक दहा घाव घातले तर बिट प्रत्येक वेळी उडतो आणि खाच जाते. घावाने एकाच वेळी बिट खाली दाबला जातो आणि फिरतो, त्यामुळे वर चढायला त्याला जागाच मिळत नाही.

कार्ब्युरेटरवर वापरायचा नाही. हँडलवर लटकलेल्या मास्टर सिलिंडरवरही नाही. जिथे मागे भक्कम आधार नाही तिथे घाव ओतीव धातूला बसतो.

---

सिंगल_सिलिंडर

माझा अडलेला प्रश्न नेमका मास्टर सिलिंडरचाच आहे. पुढच्या डिस्कच्या ऑइलच्या डब्याचे झाकणाचे दोन स्क्रू, एकाची फुली पूर्ण गोल झाली आहे. काय करावं?

---

तेलकट_बाही

@सिंगल_सिलिंडर, आधी टाकीवर आणि पुढच्या मडगार्डवर ओला टॉवेल पसरा. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं.

झाकणाचे स्क्रू चपट्या डोक्याचे, उतरत्या खळग्यात बसणारे असतात, म्हणून पक्कड लागत नाही. इथे हीट गन नको, खाली रबरी डायफ्रॅम आणि ऑइल आहे. बारीक, धारदार छिन्नी किंवा सेंटर पंच घ्या. डोक्याच्या कडेजवळ, मध्यापासून शक्य तितकं लांब, आधी सरळ उभा ठोका मारून एक खड्डा पाडा. मग पंच सुमारे ४५ अंशात आडवा करा आणि घड्याळाच्या उलट दिशेने हलके ठोके द्या. दुसऱ्या हाताने किंवा मदतनिसाकडून मास्टर सिलिंडर खालून लाकडाच्या ठोकळ्याने धरा. पाव वळसा फिरला की पुढे बोटांनी निघतो.

नाहीच हलला तर डोकं ड्रिल करा. एम ४ ला ४ मिमीचा बिट, फक्त डोकं सुटेपर्यंत. झाकण उचललं की स्क्रूचा देठ वर उरतो, तो व्हाइस ग्रिपने धरून काढा. डोक्याचा ताण गेला की देठ सहसा सहज फिरतो. ड्रिल करताना डायफ्रॅम झाकणाखाली जागेवरच असतो, त्याने भुसा ऑइलमध्ये जात नाही. झाकण उचलण्याआधी वरचा भुसा ब्रशने आणि कापडाने पूर्ण काढा. ऑइलमध्ये कण गेला असं वाटलं तर ऑइल बदलूनच टाका.

नवे स्क्रू घालताना ते फक्त टेकवायचे. झाकण सील करायचं काम डायफ्रॅमचं आहे, स्क्रूच्या ताकदीचं नाही.

---

कानस_आणि_कापूस

अ‍ॅलन बोल्टची भर घालतो. षटकोनी खाच गोल झाली की टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचा) बिट ठोकून बसवायचा. मापं पाठ ठेवा. ४ मिमी अ‍ॅलनच्या खाचेत टी २५, ५ मिमीत टी ३०, ६ मिमीत टी ४०. टी ३० चं टोकापासून टोकापर्यंतचं माप सुमारे ५.६ मिमी आहे, त्यामुळे ५ मिमीच्या खाचेत त्याच्या कडा धातूत रुततात. हातोडीने तळापर्यंत बसवा, मग लांब दांड्याने एका सलग जोरात फिरवा. झटके नकोत. बोल्ट मात्र टाकाऊ होतो, परत वापरायचा नाही.

डिस्कच्या बोल्टना कंपनीतून थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) असतं. ते बोल्ट हीट गनने आधी तापवल्याशिवाय अ‍ॅलन लावूच नका. निळं थ्रेडलॉक हातच्या हत्याराने सुटतं. लाल मात्र २५० अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय सुटत नाही, आणि तेवढी उष्णता द्यायची तर चाक काढून, बेअरिंग आणि टायरपासून लांब काम करा.

डोकंच तुटून बोल्ट आत राहिला तर ईझी-आउट (तुकड्यात भोक पाडून त्यात उलटा फिरवत रुतवायचा काढणी बिट) हे शेवटचं हत्यार समजा. पातळ ईझी-आउट आत तुटला की तो इतका कडक असतो की साध्या ड्रिलने कापत नाही. मग साधं काम लेथवाल्याकडे जातं. त्याआधी उलट्या फिरकीचा ड्रिल बिट वापरून बघा. सेंटर पंचने नेमका मध्य घ्या आणि ड्रिल उलट्या दिशेने चालवा. ड्रिलच्या उष्णतेने आणि ओढीने बऱ्याचदा तुकडा स्वतःच वर येतो.

देठ थोडा वर असेल तर त्यावर नट वेल्ड करणं सर्वांत खात्रीचं. एम ६ च्या तुकड्यावर एम ८ चा नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग भरायचं, लाल रंग जाईपर्यंत थांबायचं, मग पान्याने हळू पुढे-मागे. वेल्डिंगची उष्णताच निम्मं काम करते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि इंजेक्शनवाल्या गाडीत ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) कनेक्टर काढा. टाकी गाडीवर ठेवायची नाही.

---

लेथची_धार

आता आट्यांबद्दल. बोल्ट चांगला आणि आटे गेलेले, हे इंजिन कव्हरच्या एम ६ भोकांत रोजचं आहे. कारण सोपं आहे. एम ६ ला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात आणि हात सहज २० देतो. लांब दांड्याचा पाना घेतला तर कळतही नाही.

हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची स्प्रिंग) आणायच्या आधी भोकाची खोली मोजा. तार आत घाला, खूण करा, बाहेर काढून पट्टीवर ठेवा. बऱ्याच भोकांत बोल्ट पोचतो त्याच्या खाली ५-६ मिमी न वापरलेले आटे असतात. तिथे २५ ऐवजी ३० मिमीचा बोल्ट लागला की काम संपलं. पण बोल्ट तळाला टेकता कामा नये. टेकला तर कव्हर सैलच राहतं आणि जोर दिल्यावर केसिंग फुटतं. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी आटे पकडीत हवेत, म्हणजे एम ६ ला किमान ९ मिमी.

जागा नसेल तर हेलिकॉइल, म्हणजे आट्यांच्या आकाराची स्टेनलेस स्प्रिंग. एम ६ साठी ६.३ मिमी ड्रिल, एम ८ साठी ८.३ किंवा ८.४. सेटवर लिहिलेलं माप अंतिम. टॅप (आटे पाडायचं हत्यार) सेटमधलाच वापरायचा, बाजारातला एम ७ नव्हे. दोघांच्या आट्यांचं अंतर १ मिमीच असलं तरी सेटमधल्या टॅपचा व्यास एम ७ पेक्षा मोठा असतो.

ड्रिल सरळ जाणं हा या कामाचा जीव आहे. कव्हर काढून टेबल ड्रिलवर नेता येत असेल तर तिथेच करा. गाडीवरच करायचं असेल तर ड्रिलवर टेपने खोलीची खूण करा आणि शेजारच्या भोकात लांब बोल्ट उभा लावून त्याच्याशी समांतर धरा. टॅप मारताना अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल लावा. अर्धा वळसा पुढे, पाव मागे, म्हणजे भुसा तुटतो. दर तीन-चार वळशांनी बाहेर काढून पुसा. टॅप जड लागला तर मागे या. एम ६ चा टॅप भोकात तुटला तर ईझी-आउटपेक्षा वाईट.

भोक ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवा. स्प्रिंग मागून दाब न देता फिरवत न्या आणि पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा वळसा खाली थांबवा. वर राहिली तर गॅस्केट बसत नाही. मग तळाची आडवी शेपटी पंचने एका ठोक्यात मोडा आणि बाहेर काढा. स्प्रिंग स्टेनलेसची असते, चुंबकावर भरवसा ठेवू नका. तारेच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून उचला. शेपटी इंजिनमध्ये राहिली तर सगळं काम वाया.

नीट बसलेली हेलिकॉइल मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ असते. टॉर्क (आवळायचा जोर) मूळचाच ठेवायचा.

---

नागमोडी_घाट

ऑइलच्या ड्रेन बोल्टलाही हेच?

---

लेथची_धार

@नागमोडी_घाट, हो, पण भुसा आत जाणार हे धरून चाला. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, भुसा त्याला चिकटतो. आटे झाल्यावर वरून २०० मिली स्वस्त ऑइल ओता आणि उघड्या भोकातून वाहू द्या. पांढऱ्या कापडावर चकचकीत कण दिसायचे थांबेपर्यंत पुन्हा करा. 'एक नंबर मोठा' आटे कापत जाणारा बोल्ट ठोकायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. तो तिरका गेला की चेंबर तडकतं. मजबूत काम हवं असेल तर लेथवाल्याकडून पोलादी बुश मारून घ्या. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. जुना दबलेला वॉशर गळतो, गळतो म्हणून माणूस जास्त आवळतो, आणि आटे तिथून जातात.

---

फायबर_नव्हे_एबीएस

प्लास्टिककडे वळू. नावात एबीएस आहे, ते ब्रेकवालं नव्हे.

चिकटवायच्या आधी प्लास्टिक कुठलं ते बघा. पॅनेलच्या मागे > आणि < या खुणांच्या मध्ये प्लास्टिकचं नाव लिहिलेलं असतं. एबीएस, पीपी (पॉलिप्रोपिलीन), पीसी (पॉलिकार्बोनेट), पीए ६ (नायलॉन). रंगवलेली बाजूची आणि मागची पॅनेलं बहुधा एबीएस. एअर फिल्टरचा डबा, सीटचा तळ, आतली मडगार्डं बहुधा पीपी. हेडलाइटची काच पीसी.

खूण पुसली असेल तर मागून एक बारीक कपचा काढून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात सोडा. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. दुसरी खात्री अ‍ॅसिटोनची. कापसाच्या काडीने मागच्या बाजूला दहा सेकंद टेकवा. एबीएस चिकट होतं, पीपीला काहीच होत नाही. हेडलाइटच्या काचेवर ही चाचणी करू नका, पीसीला जाळीदार भेगा पडतात.

हे इतकं का सांगतो? कारण पीपीवर फेविक्विक, अरल्डाइट, एम-सील काहीच नीट धरत नाही. दोन दिवस धरल्यासारखं वाटतं आणि नखाने सोललं की पूर्ण थर उचलून येतो. पीपीला पीपीच्याच कांडीचं वेल्डिंग लागतं.

आता एबीएसची भेग. समजा स्क्रूच्या भोकापासून ६ सेंटीमीटर भेग गेली आहे.

पॅनेल काढून साबणाने धुवा. चेनचं ल्युब आणि पॉलिशचं सिलिकॉन पूर्ण जायला हवं. भेग हलके वाकवून तिचं खरं टोक शोधा, दिसतं त्याच्या ३-४ मिमी पुढे ती गेलेली असते. त्या टोकाला २ मिमीचं आरपार भोक पाडा. गोल भोकाने ताण पसरतो आणि भेग पुढे सरकत नाही. हे भोक वगळलं तर बाकी सगळं व्यवस्थित करूनही सहा महिन्यांत भेग पुढे जाते.

पुढच्या बाजूने मास्किंग टेप घट्ट लावून दोन्ही कडा एका पातळीत आणा. बोट फिरवा, पायरी लागता कामा नये. मग मागून भेगेच्या रेषेवर व्ही आकाराची चर कोरा, जाडीच्या निम्म्यापर्यंत. बाजूचा दोन सेंटीमीटर पट्टा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा.

भराव म्हणून एबीएसचा रस. त्याच गाडीच्या तुटक्या पॅनेलचे, किंवा एबीएस लिहिलेल्या कुठल्याही भंगाराचे, रंग खरवडलेले बारीक तुकडे काचेच्या बाटलीत घाला. एक भाग तुकडे, दोन ते तीन भाग अ‍ॅसिटोन. झाकण घट्ट, रात्रभर ठेवा, सकाळी काडीने ढवळा. काकवीइतका दाट हवा. नेलपॉलिश रिमूव्हर चालेलच असं नाही, काहींत अ‍ॅसिटोन नसतं आणि काहींत तेल असतं. रंगाच्या दुकानातून शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या.

चरीत आधी साधं अ‍ॅसिटोन ब्रशने फिरवा, कडा मऊ होऊ द्या, मग रस पातळ थरांत भरा. एकदम जाड भरला तर वर पापुद्रा येतो, आतला अ‍ॅसिटोन अडकतो आणि बुडबुडे राहतात. दोन थरांत तासभर. शेवटच्या थराच्या आधी स्टेनलेसच्या बारीक जाळीची दीड-दोन सेंटीमीटर रुंद पट्टी भेगेवर आडवी ठेवा आणि २५ ते ४० वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने दाबून निम्मी आत रुतवा. धूर निघाला म्हणजे आयर्न जास्त तापलंय, प्लास्टिक जळतंय आणि ठिसूळ होतंय. वर रसाचा शेवटचा थर. स्क्रूला लावायच्या आधी किमान २४ तास, जाड भरावाला ४८.

अ‍ॅसिटोनची वाफ उणे तापमानातही पेट घेते. काम उघड्या हवेत, गॅस, सिगारेट, पायलट दिवा यांपासून लांब. रस वाळेपर्यंत सोल्डरिंग आयर्न त्याच्याजवळ न्यायचं नाही, आणि आयर्न चालू असताना बाटलीचं झाकण बंद. आयर्नचा धूर नाकात जाणार नाही असे बसा, मास्क लावा. समोर रंगावर अ‍ॅसिटोनचा एक थेंब पडला तरी क्लिअर कोट आणि स्टिकर दोन्ही जातात, म्हणून टेप दुहेरी लावा.

पुढून रंगवायचं असेल तर ३२० पासून १००० पर्यंत पाण्याचा पेपर, प्लास्टिक प्रायमर, मग रंग. काळ्या दाणेदार पॅनेलला पेपर लावू नका, दाणा परत येत नाही.

---

सिंगल_सिलिंडर

फेविक्विक आणि खाण्याचा सोडा? त्याने पटकन दगडासारखं होतं म्हणतात.

---

फायबर_नव्हे_एबीएस

@सिंगल_सिलिंडर, दगडासारखं होतं हीच अडचण आहे. पॅनेल कंप पावतं, वाकतं. भरलेली जागा वाकत नाही, म्हणून नवी भेग तिच्या कडेने जाते. वर आतले कण काढता येत नाहीत, मग पुढे रस भरायलाही जागा स्वच्छ मिळत नाही. कडा जागेवर धरायला फेविक्विकचे दोन-तीन ठिपके ठीक, भराव म्हणून नको.

---

कानस_आणि_कापूस

तुटलेल्या पिनबद्दल. बाजूच्या पॅनेलची रबरात घुसणारी पिन मुळातून तुटते. नुसती चिकटवली तर पहिल्याच ओढीला परत जाते, कारण सगळा जोर तेवढ्याच गोल तुकड्यावर येतो. पिनच्या मध्यातून आणि खालच्या भागातून सरळ रेषेत २ मिमीचं भोक पाडा, त्यात २ मिमीची पोलादी तार किंवा डोकं कापलेला स्क्रू घाला. हा झाला कणा. मग भोवती रस भरा आणि बुडाशी थोडा उतार ठेवा, काटकोन नको.

बसवताना रबरी ग्रोमेटला साबणाचं पाणी लावा. ग्रीस नको, रबर फुगतं. काढताना पिनच्या अगदी जवळ बोटं घालून सरळ बाहेर ओढा, लांबच्या टोकाने उपसू नका. थंडीत आधी तासभर उन्हात ठेवा.

प्लास्टिकमध्ये थेट जाणाऱ्या स्क्रूचे आटे वाचवायची एक सवय लावून घ्या. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. एक बारीक 'टक' जाणवतो, स्क्रू जुन्या आट्याच्या तोंडाशी पडतो. तिथून सरळ फिरवा. थेट फिरवला तर तो दर वेळी नवे आटे कापतो आणि चार सर्व्हिसिंगमध्ये भोक मोकळं होतं. मोकळं झालंच तर रसाने पूर्ण भरा, दोन दिवसांनी ५ मिमीच्या स्क्रूसाठी ४ मिमीचं भोक पाडा.

---

मिठाचा_वारा

रत्नागिरी ते गोव्याच्या पट्ट्यातल्या गाड्यांसाठी. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात पोलादी स्क्रू अडकतो तो पांढऱ्या भुकटीने. ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि स्क्रूला आवळते. म्हणून स्क्रू परत घालताना आट्यांना तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं अँटी-सीज (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप), तांदळाच्या दाण्याएवढं. ते लावलं की घर्षण कमी होतं, त्यामुळे टॉर्क सुमारे एक पंचमांश कमी ठेवा. नाहीतर त्याच वाचनाला बोल्ट जास्त ताणला जातो.

स्टेनलेसचे अ‍ॅलन बोल्ट लावायची पद्धत आहे, कार्ब आणि कव्हरला लावा. पण स्टेनलेस अ‍ॅल्युमिनियमला साध्या बोल्टइतकंच, किंबहुना जास्त खातं, म्हणून अँटी-सीजशिवाय नको. आणि ब्रेक कॅलिपर, डिस्क, हँडल क्लॅम्पला अजिबात नको. ताण सोसायच्या ताकदीत नेहमीचा ए २-७० स्टेनलेस ७०० मेगापास्कलचा, तिथले कंपनीचे बोल्ट ८.८ किंवा १०.९ चे, म्हणजे ८०० ते १०००.

---

फायबर_नव्हे_एबीएस

@मिठाचा_वारा, महत्त्वाचं. त्याला जोडून, थ्रेडलॉक प्लास्टिकच्या जवळ नेऊ नका. एबीएस आणि पीसीला त्याने आठवड्याभरात केसासारख्या भेगा पडतात, त्याही स्क्रूच्या भोवती, ताण जिथे असतो तिथेच. ब्रेक ऑइल आणि पेट्रोलचंही तेच. पॅनेलचा स्क्रू सैल होतो म्हणून निळा थेंब टाकला जातो आणि पुढच्या सर्व्हिसला कान हातात येतो.

सैल होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हरवलेला बुश असतो. पॅनेलच्या भोकात रबर आणि रबराच्या आत धातूची नळी असते. बोल्ट नळीला आवळतो, प्लास्टिक रबरात तरंगत राहतं. नळी हरवली की बोल्ट थेट प्लास्टिक चिरडतो. नवी नळी पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत नागदेवीला मापावर मिळते. स्वतः करायची तर ८ मिमी बाहेरच्या व्यासाचा, ६ मिमीचा बोल्ट जाईल असा पाइप घ्या आणि रबराच्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त लांब कापा.

---

नागमोडी_घाट

शेवटचं एक. काळ्या प्लास्टिकच्या दाबायच्या क्लिपा, मधे गोल टिकली असलेल्या. काढताना दर वेळी तुटतात.

---

तेलकट_बाही

@नागमोडी_घाट, त्या उचकटायच्या नसतात. मधली टिकली बोथट टोकाने फक्त दोन मिलिमीटर आत दाबा. एक टक लागतो आणि बाहेरचे पाय मिटतात, मग पूर्ण क्लिप सहज निघते. जास्त दाबली तर टिकली आत पडते.

बसवताना टिकली उलट बाजूने ढकलून डोक्याच्या वर आणा, पाय मिटलेले हवेत. क्लिप भोकात पूर्ण टेकवा आणि टिकली डोक्याच्या पातळीत येईपर्यंत दाबा. आत वाळू अडकली असेल तर टिकली हलत नाही, तेव्हा आधी पाण्याने धुवा. भोकाचा व्यास कॅलिपरने मोजून तीच क्लिप घ्या. ६ मिमीच्या भोकात ८ ची घुसवली तर क्लिप टिकते आणि पॅनेल तडकतं.